दर चौरस किलोमीटरला

हळदोण्याच्या शाळेत चौथीचा वर्ग बांधला
तेव्हा चाळीस मुलांचा हिशेब होता.
आता सात आहेत.
सातही जण दाराजवळच्या दोन बाकांवर
कोपराला कोपर लावून बसतात,
कारण पंखा एकच फिरतो, आणि तो तिथे.

मी नकाशा लावला. कॅनडा.
खिळा एकच, म्हणून देश जरा कललेला.
म्हटलं, याच्यात आपले गोवे
सुमारे सत्तावीसशे मावतील.
तन्वेश म्हणाला, म्हणजे सत्तावीसशे म्हापसे?
हो, आणि सत्तावीसशे शुक्रवारचे बाजार.
पण माणसं बघा कुठे आहेत :
सगळी खालच्या कडेला,
पेजेच्या तळाशी शितं बसावीत तशी.
वर नुसतं पाणी,
तळी इतकी, की मोजणारे दमले असतील.
दर चौरस किलोमीटरला चार माणसं.
आणि आपल्याकडे?
चारशेच्या आसपास.
हे मात्र कुणालाच पटलं नाही.

सुटीत माझ्याकडे शिरगणतीचं काम आलं,
नदीकडचा वाडा.
घर एक : कुलूपबंद.
घर दोन : कुलूपबंद, मागच्या पडवीत राखणदार,
बिरसाय टोप्पो, झारखंडचा.
गाव किती लांब, त्याला किलोमीटरमध्ये सांगता येईना,
दोन रात्री, म्हणाला, आणि एक सकाळ.
घर तीन : कुलूपबंद. उंबऱ्यात वाळवीची
भलती दाट वस्ती.
घर चार : इब्रिना मास्कारेन्हस, वय एकोणऐंशी.

"पांच बरय," ती म्हणाली.
पाच कोण?
ती, लेझली, लेझलीची बायको, दोन नाती.
मी नियम सांगितला :
सहा महिन्यांहून जास्त बाहेर, त्यांना इथे धरत नाहीत.
मग तिथे धरतात?
धरतात.
ती गप्प राहिली. मग लेझलीचं सांगू लागली,
सास्काचेवानला ट्रक चालवतो,
रस्ता असा सरळ की वळण घ्यायला हात विसरतात.
एकदा चार तास समोरून कुणीच आलं नाही.
तेव्हा त्याने उगाचच हॉर्न वाजवला,
आपल्या पोदेरासारखा, पों पों,
आणि मागे बघितलं
कुणी पाव घ्यायला येतं का.
हे सांगून ती खूप हसली, एकटीच.
मी रकान्यात एक लिहिला.
तिने चष्मा नव्हता लावला, तरी बघितलं.

उतरणीवर पोदेर भेटला.
त्याची गणती रोजची, उजाडायच्या आधीची,
त्याला ना फॉर्म लागतो ना नियम.
इब्रिनाला दोन पाव :
एक तिचा, एक कुत्र्याचा.
झारखंडवाल्याला चार, उधारीवर.
पूर्वी या एकाच वाड्यावर
माझी टोपली रिकामी व्हायची, म्हणाला.
आता तळाशी उरतात.

शाळा उघडली. नकाशा तसाच कललेला.
बाई, वर खरंच कुणी नाही?
आहेत की. पहिल्यापासून आहेत.
त्यांनी ठेवलेली गावांची नावं बघ,
बारीक अक्षरात.
मग रिकामं का म्हणालात?

खडू हातात तसाच राहिला.
मी रिकामं म्हणाले होते का?
माझ्या फॉर्मवर तरी दोनच शब्द होते,
वस्ती आणि कुलूपबंद,
आणि बिरसायला मी
त्या दोन्हींच्या मधल्या रेघेवर बसवून आले होते.

तन्वेशने दप्तर उचललं.
भिंतीकडेने चालत चालत गेला
पार शेवटच्या बाकापर्यंत,
जिथे नकाशे धरले तर उत्तर येते.
बाहीने धूळ पुसली. बसला.
उरलेले सहा जण मान वळवून
त्याच्याकडे बघत राहिले,
कुणी परगावी गेल्यासारखे.

थोडा वेळ काहीच नाही.
मग तिथून तो ओरडला,
वर्ग मोठा आहे म्हणून
जरा जास्तच मोठ्याने :
बाई, हांगा वारें पावना.